सगळ्यांचा नंबर एकच

जुलैअखेरचे दिवस. मासेमारीची पावसाळी बंदी 31 तारखेला संपते, त्यामुळे हर्णै बंदरात डिझेल, बर्फ, जाळी यांची धांदल उडाली होती. तिथल्या एका मच्छीमार सोसायटीतून फोन आला, “डिझेलचा मेसेज कोणालाच जात नाय. जरा येऊन बघा.” दापोलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, असली कामं माझ्याच गळ्यात पडतात.

सभासदांची यादी उघडली आणि हसूच आलं. नावं वेगळी, होड्या वेगळ्या, मोबाइल नंबर मात्र खालपर्यंत एकच: 2147483647. सेक्रेटरी तात्यांनी तो लावूनही पाहिला होता. “अस्तित्वात नाही म्हणते ती बाई.”

मी आकडा बघताक्षणी ओळखला. 2 चा 31 वा घात, वजा 1. प्रोग्राम करणाऱ्याने नंबरासाठी 32 बिटांच्या, म्हणजे 0 किंवा 1 मावणाऱ्या 32 घरांच्या, पूर्णांकाचा रकाना ठेवला होता. एक बिट अधिक-उणे चिन्हात जातो. उरलेल्या 31 मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. आपले मोबाइल नंबर 6 ते 9 ने सुरू होतात, म्हणजे झाडून सगळे तिच्याहून मोठे. पायली भरली की वरचं सांडतं, तसं डेटाबेसने जास्तीचं सांडून दिलं. तेही मुकाट, एररसुद्धा न देता. (माझा खरा राग या मुकाटपणावर.) बचावले फक्त काही म्हातारे सभासद, त्यांनी एसटीडी कोड न लावता सहा आकडी लँडलाइन लिहिली होती.

रकाना बदलून मजकुराचा केला. सांडलेले नंबर काही परत येणार नव्हते, म्हणून अर्जांच्या फायली काढल्या. ऑफिसातली मुलगी वाचायला, मी टाइप करायला. ती बीएस्सीला. मधेच विचारते, “सर, ही मूळ संख्या आहे का हो?”

आहे! गणितज्ञ ऑयलरने 1772 मध्ये, कॅल्क्युलेटर नसताना, ते सिद्ध केलं. वर्गमूळ 46340 च्या पुढे जरासं. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं तर साडेचार हजारांहून जास्त भागाकार. पण त्याने हेरलं, की हिला मूळ विभाजक असलाच, तर त्याला 248 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 63 च उरली पाहिजे. काम चारशे भागाकारांच्या आत आलं. आम्ही पहिला उमेदवार तपासला: 63 आणि 249 मूळ नाहीत, म्हणून 311. बाकी 35. पुढचे ऑयलरवर सोपवले.

मग तिनेच 16 बिटांचं विचारलं. तिथली मर्यादा 2 चा 15 वा घात वजा 1, 32767, म्हणजे 7 × 31 × 151. घातांक 15 स्वतःच मूळ नाही, तिथेच गाडी अडते. 64 बिटांचंही तेच: 63 ला 3 ने भाग जातो, म्हणून त्या अगडबंब संख्येला 2 चा 3 रा घात वजा 1, म्हणजे 7 ने भाग जातो. घातांक मूळ असला तरी खात्री नाही. 11 मूळ, पण 2 चा 11 वा घात वजा 1, 2047, म्हणजे 23 × 89.

“भागाकार र्‍हाऊ द्या,” तात्या म्हणाले, “मेसेज आज जाईल ना?”

संध्याकाळी गेला. बाहेर बाकावर बसलेल्यांचे फोन लगेच वाजले. राहिले ते सहा आकडी लँडलाइनवाले. यादीत पहिल्यापासून त्यांचेच नंबर बरोबर होते, आणि मेसेज त्यांनाच पोचत नव्हता. तात्यांनी त्यांच्या घरी शिपाई धाडला.