आमची वाटचाल : इंजिनाच्या गॅरेजपासून मोटरहोमच्या तपासणीपर्यंत

आमच्या फर्मची सुरुवात निव्वळ डिझेल इंजिनांवर झाली. ट्रक, बस, जनरेटर, जे येईल ते खोलायचं आणि जोडायचं. मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्या, यायला लागल्या त्याही इंजिनासाठीच. वरचं घर हे आमचं काम नव्हतं. बसच्या बॉडी बांधण्यात हयात घालवलेले आमचे भागीदार सामील झाले आणि फर्मचा तोंडवळाच बदलला.

गाडी आली की मी इंजिनाकडे धावायचो आणि ते बाहेरच्या भिंतीवर बोटांनी टकटक करत फिरायचे. बऱ्याच मोटरहोमच्या भिंती थरांच्या असतात: बाहेर फायबरग्लास, त्यामागे पातळ प्लाय, मध्ये फोम आणि ॲल्युमिनियमची चौकट, सगळं चिकटवून दाबलेलं. हलकं आणि दिसायला गुळगुळीत. पण खिडकीच्या कडेतून किंवा छताच्या सांध्यातून पाणी शिरलं की प्लाय कुजतो, थर सुटतात, टकटक केल्यावर पोचट आवाज येतो. पुढे भिंत फुगते. दुसरी पद्धत म्हणजे वेल्ड केलेला सांगाडा आणि त्यावर वेगळे बसवलेले पत्रे. वजन वाढतं, पण बिघडला तेवढाच भाग उघडता येतो. भागीदारांचा कौल उघड दुसरीकडे. ‘‘अहो, इंजिन उतरवून दुसरं चढवता येतं, भिंतीसाठी अख्खी गाडी नागवी करावी लागते.’’ मी इतका कडवा नाही. छत एकसंध फायबरग्लासचं असेल आणि कडांवरून खाली वळवलेलं असेल, तर थरांची भिंतही मला चालते. रबरी छत घेणाऱ्याने मात्र सांध्यांचं सीलंट नेमाने तपासण्याची तयारी ठेवावी.

इंजिनाबद्दल गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो हॉर्सपॉवरचा. मागे इंजिन असलेल्या मोठ्या गाड्यांत कमिन्स कंपनीची ६.७ आणि ८.९ लिटरची इंजिनं वारंवार समोरासमोर येतात. दोन्ही सहा सिलिंडरची. फरक नुसत्या ताकदीचा नाही. लहान इंजिनात सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच कोरलेले, मोठ्यात बदलता येणारे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या वेगळ्या बसवलेल्या नळ्या. उतारावर लहान इंजिन टर्बोच्या आधाराने एक्झॉस्ट ब्रेक लावतं, म्हणजे धुराची वाट अडवून गाडीचा वेग रोखतं. मोठ्याला बहुधा कॉम्प्रेशन ब्रेक मिळतो, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेली हवा सोडून देऊन वेग रोखणारा जास्त जोरकस ब्रेक, आणि लांब घाटात हा फरक पायाला कळतो. तरी हलक्या गाडीत मोठं इंजिन घालायला आम्ही सांगत नाही. आधी भरलेल्या गाडीचं वजन काढा: ३०० लिटरची पाण्याची टाकी भरली की ३०० किलो तिथेच चढले. मग त्या वजनाला टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ओढ, पुरतो का ते पाहा.

मला सर्वांत जास्त बोलायचं असतं ते रेडिएटरवर, जो विकत घेताना कुणी पाहत नाही. इंजिन मागे आणि रेडिएटरही अगदी मागे, अशा रचनेत पंखा गाडीखालची धूळ ओढून त्यावर फेकतो. क्रँककेसच्या ब्रीदर नळीचं, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीचं, तोंड तिथेच जवळ असेल तर तेलाची वाफ त्या धुळीत मिसळते आणि रेडिएटरला लागून असलेल्या इंटरकूलरवर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) चिखलाचा थर बसतो. गंमत अशी की घाण साचते इंजिनाकडच्या बाजूला. मागून बघणाऱ्याला जाळी चकचकीत दिसते. चढावर तापमान वाढतं, आणि दोष थर्मोस्टॅटला दिला जातो. नळीचं तोंड लांब नेणं हे छोटंसं काम, पण आमच्याकडे सतत चालू असतं. रेडिएटर बाजूला असेल तर इंजिनापर्यंत हात सहज पोचतो, धूळही कमी बसते. मात्र पंखा हायड्रॉलिक मोटरवर फिरत असेल, तर ती मोटर नि तिच्या नळ्या आमच्या तपासणीच्या यादीत वाढतात.

इंजिन पुढे असलेल्या गाड्यांचं थोडक्यात: देखभाल सोपी, चालकाच्या पायाशी आवाज आणि उष्णता जास्त. आणि नव्या डिझेल गाड्यांतला काजळीचा फिल्टर जवळच्या जवळ फिरणाऱ्यांना त्रास देतो. त्यातली काजळी जळून तो साफ व्हायला एक्झॉस्ट नीट तापावा लागतो, आणि छोट्या फेऱ्यांत तो तेवढा तापत नाही.

खरेदीपूर्व तपासणी हळूहळू आमचं मुख्य काम झालं. एका विक्रेत्याला आमचे अहवाल खुपले, त्याने गिऱ्हाईक पाठवणं बंद केलं. घेणारे मात्र एकमेकांना सांगून येत राहिले. अहवालात बॉडीचं पान आधी आणि इंजिनाचं नंतर, हा भागीदारांचा हट्ट मी मान्य केला आहे. सध्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांत एकाला फक्त इंजिनच आवडतं. त्याला आम्ही मुद्दाम छतावर पाठवतो.