आईने भरलेला फॉर्म

इंग्लंडमध्ये लीड्सला माझी एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वस्थ बसणं लहानपणापासूनच अवघड जातं त्या अवस्थेची, तपासणी ठरली तेव्हा क्लिनिककडून दोन फॉर्म आले. एक माझा, दुसरा मला लहानपणापासून ओळखणाऱ्या कुणीतरी भरायचा. निदान मोठेपणी होत असलं, तरी वयाच्या बाराव्या वर्षाआधी लक्षणं होती का, हे पाहावंच लागतं. दुसरा फॉर्म मी ठाण्याला आईकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो आला. ओळीने सगळीकडे 'नाही'वर खूण, आणि खाली आईच्या सुबक अक्षरात, 'मुलगी हुशार आणि शांत होती. काहीही त्रास नव्हता.'

तो वाचून मला रडूच फुटलं.

शाळेत बाकावर माझे पाय सारखे हलायचे, बाई ओरडायच्या. मग मी पाय एकमेकांत अडकवून, हात मांडीखाली दाबून बसायला शिकले. आता ऑफिसात बुटाच्या आत बोटं आवळून धरते. वरून काही दिसत नाही. मीटिंगमध्ये समोरच्याचा शब्दन् शब्द वहीत उतरवते. सगळ्यांना वाटतं, किती मन लावून ऐकते ही! लिहिणं थांबलं की त्याच्या वाक्याचा शेवट माझ्या हाती लागत नाही, म्हणून लिहिते. अकराला कुठे पोचायचं असेल तर सव्वादहाला जाऊन जवळच्या बसस्टॉपवर थंडीत बसून राहते, कारण 'अजून वेळ आहे' असं मनात आलं की तो वेळ कुठे जातो ते मला कळत नाही. अशा लपवालपवीला मास्किंग म्हणतात.

परदेशात त्यावर आणखी एक थर चढला. उच्चार सांभाळायचे, त्यांच्या विनोदाला वेळेवर हसायचं, आणि मी उशिरा पोचले तर ते 'भारतीय असेच' या खात्यात जमा होईल ही धास्ती. संध्याकाळी घरी आले की कोटसुद्धा न काढता तासभर सोफ्यावर पडून राहायचे. मैत्रिणींचे फोन घेणं बंद झालं होतं.

ठाण्यातल्या नातेवाइकांनी विचारलं, "इथे तर सगळं छान होतं, तिकडे जाऊनच हे कसं झालं?" प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट सांगते. मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी वापरतात त्या डीएसएम-५ या 2013च्या पुस्तकात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे: जवळून देखरेख असेल, काम खूप आवडीचं असेल किंवा जागा नवी असेल, तर ही लक्षणं फारशी दिसत नाहीत किंवा दिसतच नाहीत. शिवाय मुलींमध्ये वर्गभर धावण्यापेक्षा आपल्याच तंद्रीत असणं जास्त आढळतं, त्यामुळे कुणाची तक्रार येत नाही. आणि जवळून देखरेख म्हणजे नौपाड्यातलं आमचं घर. दाराच्या मागच्या बाजूला आईने खडूने लिहिलेलं असायचं, 'डबा, पाणी, रुमाल, किल्ली.' शेजारच्या काकूंकडे आमच्या घराची जास्तीची किल्ली कायमची. गृहपाठ लिहून घ्यायचा राहिला की आईच माझ्या मैत्रिणीच्या आईला फोन करायची. लीड्समध्ये माझ्या दाराच्या मागे कुणी काही लिहीत नव्हतं.

तरी ठाण्यात असताना मी कुणाकडे गेले का नाही? कॉलेजला दादरला जायचे तेव्हा 'ठाण्याची आहेस? मग बरोबर!' हे किती वेळा ऐकलं असेल. मनोरुग्णालय आमच्या गावात 1901पासून आहे, आणि 'हिला ठाण्याला पाठवा' हे साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी. त्याच ठाण्यात 1990पासून डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही संस्था मन:स्वास्थ्याचं काम करते, हे मला माहीत होतं. पण आपल्या डोक्यात काहीतरी वेगळं चालतं, हे तोंडाने म्हणायचीच मला भीती वाटायची. धांदरट, वेंधळी हे शब्द परवडले, असं वाटायचं. त्या चेष्टेने माझी दहा-बारा वर्षं खाल्ली, असं मी आज मनापासून म्हणते.

आईला व्हिडिओ कॉल केला. म्हटलं, "आई, यात तुझी काही चूक निघणार नाहीये." ती बराच वेळ गप्प होती. मग उठून तिने माळ्यावरून माझी प्रगतिपुस्तकं काढली. तिसरी, 'हुशार आहे, पण लक्ष नसते.' चौथी, 'वस्तू हरवते.' पाचवी, पुन्हा 'लक्ष नसते.' त्या रात्री तिने दोन पानं मराठीत लिहून पाठवली आणि मी ती क्लिनिकसाठी इंग्रजीत केली. त्यातलं एक वाक्य मला माहीतच नव्हतं: 'दहावीपर्यंत ती झोपल्यावर मी तिचं दप्तर पुन्हा लावत असे. सकाळी तिला वाटायचं, तिनेच नीट भरलंय.'

निदान झालं. गोळी सुरू आहे, आधी मात्रा हळूहळू ठरवतात आणि रक्तदाब, नाडी तपासत राहतात. ऑफिसात सांगितलं. इंग्लंडमध्ये 2010च्या समानता कायद्याखाली आपल्या अडचणीनुसार कामात बदल मागता येतो. मी कामं लेखी मागून घेतली, आणि मीटिंगमध्ये उभं राहायची मुभा. आपल्याकडच्या 2016च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात एडीएचडीचं वेगळं नाव नाही. ते यायला हवं.

डिसेंबरमध्ये घरी आले होते. निघायच्या आदल्या रात्री दीडच्या सुमाराला चेनचा आवाज आला. हॉलमध्ये आई मोबाइलच्या उजेडात माझी बॅग उघडून बसली होती. मला पाहून दचकली.

"चार्जर राहिला होता गं," ती म्हणाली.

मी दिवा लावला आणि तिच्या शेजारी फरशीवर बसले. बॅग पूर्ण रिकामी केली. ती एकेक नाव घेत गेली आणि मी एकेक वस्तू आत ठेवत गेले.