ट्रक कॅम्परखाली कुठलं बेड लायनर? माझा अनुभव

आम्ही डेन्व्हरला असतो, गाडी 2015 ची फोर्ड एफ-250 पिकअप ट्रक, आठ फुटी हौद्याची, आणि त्यात पॉप-अप कॅम्पर (हौद्यात बसणारी, छप्पर वर उचलता येणारी राहायची खोली) बसवायचा ठरला तेव्हा सगळ्यात जास्त डोकं मी लायनरवर, म्हणजे हौद्याच्या आतल्या संरक्षक अस्तरावर लावलं. फोर्डने सुपर ड्यूटीला (एफ-250 ज्यात येते ती मालिका) अ‍ॅल्युमिनियम बॉडी दिली ती 2017 पासून, माझा हौदा त्याआधीचा म्हणजे स्टीलचा, त्यात कोलोरॅडोत हिवाळ्यात रस्त्यावर बर्फासाठी मॅग्नेशियम क्लोराइड, म्हणजे एक प्रकारचं मीठ मारतात, मग गंजाची काळजी असणारच ना.

आधीच्या मालकाने प्लास्टिकचं ड्रॉप-इन, म्हणजे नुसतं आत ठेवायचं लायनर टाकलेलं. ते उचललं तर खाली ओली माती, आणि जिथे प्लास्टिक घासत होतं तिथे रंग उडून गंज धरायला लागलेला. पण माझ्या मते त्याहून मोठा प्रॉब्लेम म्हणजे ते गुळगुळीत असतं. विटा, माती, लाकडं न्यायची तर चालेल एकवेळ, पण हजार पौंडाच्या वरचा कॅम्पर घाटातल्या वळणावर त्यावर सरकायला बघतो आणि सगळा ताण टाय-डाउनवर (कॅम्पर गाडीला बांधणाऱ्या जोडांवर) येतो. कॅम्परखाली ड्रॉप-इन नकोच, हे मी प्रत्येकाला सांगतो.

मग गंज घासून, प्रायमर मारून, स्प्रे-इन, म्हणजे फवारून बसवायचं लायनर करून घेतलं. पॉलियुरेथेनचा थर थेट पत्र्याला चिकटतो, मधे पाणी शिरायला जागाच राहत नाही. फक्त तयारी नीट करणारं दुकान शोधा, जुना रंग खरवडून घेतला नाही तर थर सुटतो, मी तर भाव विचारायच्या आधी तेच विचारत होतो.

स्प्रेचा पृष्ठभाग खरखरीत, कॅम्परचा तळ त्यावर थेट ठेवला तर घासणार, म्हणून वरून रबर मॅट. घोड्यांच्या तबेल्यात घालतात ती, चार बाय सहा फूट, पाऊण इंच जाड. चार फूट रुंदी दोन्ही व्हील वेलच्या (चाकांवरच्या उंचवट्यांच्या) मधे आरामात बसते, लांबीला कमी पडते म्हणून दुसरीचा तुकडा जोडला. कापताना खाली फळी ठेवून मॅट वाकवायची म्हणजे चीर उघडी राहते आणि कटर अडकत नाही. एक मॅट साधारण 45 किलोची, एकट्याने उचलायला जाऊ नका, आणि दाराजवळच्या पिवळ्या स्टिकरवर जो पेलोड (गाडी जास्तीत जास्त वाहू शकते ते वजन) लिहिलाय त्यात हे वजनही धरा, माणसं, पाणी, गॅस सगळं धरून हिशोब करायचा. पाणी जायची भोकं मॅटखाली बुजणार नाहीत हेही बघा.

मॅटमुळे कॅम्पर पाऊण इंच वर आला, हौद्याच्या कडेवरचं अंतर सुधारलं. टाय-डाउन चॅसिसला बसवलेत. रॉकी पर्वतातला आयझेनहॉवर टनेल ओलांडून युटातल्या मोआबला जाऊन आलो, वाटेत थांबून टर्नबकल (टाय-डाउन ताणून घट्ट करायचे स्क्रू) तपासले, कॅम्पर जागचा हललेला नव्हता! आता हिवाळ्यात कॅम्पर उतरवला की मॅट काढून हौदा धुवायचा, पूर्ण वाळवायचा आणि मगच परत टाकायची.