उजवी बाजूही बघितली

मूल होत नाही म्हणून आलेले, आमच्या लॅबच्या काउंटरवर वीर्याची डबी ठेवून नवरे नजर न मिळवता सटकतात. तोवर बायकोची फाईल जाडजूड झालेली असते: सोनोग्राफ्या, नळ्यांचा एक्स-रे, कधी दुर्बीणसुद्धा. नवऱ्याची तपासणी सर्वांत स्वस्त आणि सोपी, म्हणून बहुधा शेवटी. परळ असो की पार्ले, यात काही फरक नाही.

लालबागच्या एका मुलाचा रिपोर्ट दोन ठिकाणी ‘निल’, म्हणजे शुक्राणू शून्य, आला होता. निल लिहिण्याआधी सॅम्पल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ बघायचा असतो. तो बघितल्याची नोंद दोन्हीकडे नाही. मी बघितला. खरंच एकही शुक्राणू नव्हता. पण सॅम्पल अडीच मिली होतं, आणि रिसॉर्सिनॉल घालून तापवल्यावर लगेच नारिंगी-लाल झालं, म्हणजे फ्रुक्टोज, वरच्या ग्रंथींतली साखर, होती. वीर्याचा बहुतेक भाग वरच्या ग्रंथींतून येतो. म्हणून वृषणातून शुक्राणू वर नेणारी नळी जांघेत बंद असली तरी त्या माणसाला काही कळत नाही.

आमच्या सर्जन सरांनी तपासलं तर दोन्ही जांघांच्या घडीत पुसट व्रण. फॉर्मवर ‘आधीची शस्त्रक्रिया’समोर त्याने ‘नाही’ लिहिलं होतं. तो खोटं बोलत नव्हता, त्याला माहीतच नव्हतं. मापाच्या मण्यांशी ताडून बघितलं तर उजवं वृषण 20 मिली, डावं जेमतेम 4.

पुढच्या वेळी आई आली. “अहो ताई, तीन महिन्यांचा होता. डाव्या जांघेत गाठ अडकली, रडून रडून निळा पडला. रात्रीच ऑपरेशन केलं म्हणून हाती लागला. ते काय त्याला सांगत बसायचं?” कपाटातून शोधलेला कागद तिने आणला होता, घड्यांवर फाटलेला. डावीकडे अडकलेला हर्निया, दुरुस्त केला. आणि खाली एक ओळ: उजवी बाजूही उघडून बघितली. काय दिसलं, काय केलं, काही नाही. आम्हाला डब्यावरच्या चुकीच्या तारखेवरून बोलणी खावी लागतात, आणि ऑपरेशनची नोंद ही!

तेव्हा तान्ह्या मुलांत तशी पद्धतच होती, कारण पलीकडेही हर्नियाची पिशवी उघडी असू शकते. आता त्याच पिशवीतून दुर्बीण सारून दुसरी बाजू बघता येते. बाळाची शुक्रवाहिनी, म्हणजे तीच नळी, शेवईएवढी, तीही पिशवीला चिकटलेली. चिमट्यात सापडली की संपलं, आणि ते कळायला मुलाचं लग्न व्हावं लागतं.

ऑपरेशनला मी मायक्रोस्कोप घेऊन थिएटरमध्ये होते. सरांनी उजवी नळी छेदून तिच्या तोंडाचा थेंब स्लाइडवर दिला. शुक्राणू दिसले तर नळीला नळी जोडायची. थेंब घट्ट आणि रिकामा असेल तर मागे एपिडिडिमिसपर्यंत, वृषणाला चिकटलेल्या वेटोळ्या नळीपर्यंत, जायचं, म्हणजे दुप्पट कटकट. सगळे माझ्याकडे बघत होते. मी घाई करत नाही, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघते. “सर, आहेत. तुटक्या शेपट्या पुष्कळ, पण अख्खेही आहेत.”

उजव्या नळीत वरच्या बाजूला सलाईन पुढे सरकेना. जांघेतला तुकडाच नव्हता. डाव्या नळीत निळा रंग सोडला, तर लघवीच्या पिशवीत निळं उतरलं. म्हणजे चालणारं वृषण उजवीकडे आणि मोकळी वाट डावीकडे. सरांनी उजवी नळी दोन वृषणांमधल्या पडद्यातून पलीकडे नेली आणि डावीच्या तोंडाला जोडली. दोरा 10-0, नुसत्या डोळ्यांनी धड दिसतही नाही. कॅन्टीनमध्ये ‘पुरुषांचे डॉक्टर’ म्हणून हसणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

नंतर त्याने मला व्हरांड्यात गाठलं. “मॅडम, तेव्हा चूक झाली का?” सरांना विचार, म्हटलं. डाव्याबद्दल सर म्हणाले, आतडं असं अडकलं की रक्त दाबलं जातं, त्यानेही वृषण सुकतं. कशामुळे सुकलं ते आता कोणी सांगू शकणार नाही. उजव्याबद्दल बोलले नाहीत. मला मात्र तीच बाजू सुटत नाही. तिथे दुखणं नव्हतं. पोर वाचवणाऱ्या त्याच हातांनी त्याच रात्री, सावधगिरी म्हणून, तीही उघडली. त्या डॉक्टरवर रागावायचं तरी कसं?

ऑपरेशननंतरचं पहिलं सॅम्पल रिकामं आलं. नंतरच्या एकात, गाळात, मोजके हलणारे दिसले. लगेच गोठवून ठेवले, पुढे इक्सीला, म्हणजे एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचायला, लागतील. फॉर्मवर ‘लहानपणी जांघेत ऑपरेशन? आईला विचारा’ अशी ओळ घालायला मी ऑफिसात सांगितलंय. ते म्हणतात, आधी जुने छापलेले गठ्ठे संपू देत.