सेवा केंद्रातील वायफाय सुरक्षित करताना : माझा अनुभव

अंबाजोगाईत मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. खरिपाच्या पीकविम्याचे अर्ज सुरू झाले की शेतकऱ्यांची आधार कार्डे, सातबारे आणि बँक पासबुके यांच्या प्रती आमच्या संगणकांच्या सामायिक फोल्डरमध्ये साठत जातात. सरकारी संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण एचटीटीपीएसमुळे, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात पाठवण्याच्या पद्धतीमुळे, वेगळी सुरक्षित असते. या फोल्डरची राखण मात्र वायफायच्या कुलपावरच होती, म्हणून हंगामापूर्वी मी राउटर तपासायला घेतला.

राउटर बसवणाऱ्या केबलचालकाने ॲडमिन पासवर्ड स्वतःकडेच ठेवला होता. तो ग्राहकाला देत नाहीत, हे उत्तर ऐकून घेत अखेर लेखी अर्ज केला, तेव्हा तो हाती आला. सेटिंगमध्ये डब्ल्यूपीएस, म्हणजे पिनवरून वायफाय जोडण्याची सोय, सुरू होते, माहिती सांकेतिक करण्याच्या एईएस या पद्धतीबरोबर टीकेआयपी ही जुनी, कमकुवत पद्धतही चालू होती आणि पासवर्ड म्हणून बसवणाऱ्याने केंद्राचाच मोबाइल क्रमांक टाकला होता, जो बाहेरच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलेला आहे.

डब्ल्यूपीएस मी सर्वांत आधी बंद केले. त्याचा आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा अंक पडताळणीचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११ मध्येच उघड झाले आहे. टीकेआयपीही काढले. पासवर्ड लांब आणि अनेक शब्दांचा ठेवला, कारण डब्ल्यूपीए-२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीमध्ये जोडणीच्या वेळचा हँडशेक, म्हणजे उपकरण आणि राउटर यांची ओळख पटवणारी देवाणघेवाण, कोणी हवेतून टिपला की पासवर्डचे पुढचे अंदाज त्याला राउटरला हात न लावता स्वतःच्या संगणकावर करता येतात आणि दहा अंकी क्रमांक त्यापुढे फार टिकत नाही.

खरा प्रश्न रांगेतल्या लोकांचा होता. “दादा, वायफायचा पासवर्ड सांगा की,” असे ते हक्काने म्हणतात आणि सर्व्हर चालू होण्याची वाट पाहत ताटकळणाऱ्या माणसाला नकार देणे मला पटत नाही. परंतु डब्ल्यूपीए-२ मध्ये पासवर्ड ठाऊक असलेल्याने दुसऱ्याचा हँडशेक टिपला, तर त्या दुसऱ्याची वायफायवरची माहिती उलगडता येते. म्हणून लोकांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क केले आणि त्यावरून आतले संगणक दिसणार नाहीत याची स्वतःच्या मोबाइलवरून खात्री करून घेतली.

कामाच्या नेटवर्कसाठी पुढे डब्ल्यूपीए-३ या नव्या सुरक्षा पद्धतीचा राउटर घेतला. त्यात अशी उलगड होत नाही आणि टिपलेल्या हँडशेकवर घरी बसून अंदाजही चालवता येत नाहीत. जुना प्रिंटर त्याला जोडेना, तेव्हा तो सरळ केबलने संगणकाला लावला. त्याच्यासाठी सगळ्यांची सुरक्षा खाली आणणे मला मान्य नव्हते.

अपडेटच्या बाबतीत मी विशेष आग्रही आहे. २०१७ मध्ये सुरक्षा संशोधक मॅथी व्हॅनहुफ यांनी दाखवलेला क्रॅक हा दोष डब्ल्यूपीए-२ च्या हँडशेकमध्येच होता. पासवर्ड बदलून तो जात नव्हता, राउटर आणि मोबाइल दोन्हीकडे दुरुस्ती लागत होती. अपडेट येणे थांबलेला केंद्रातला जुना टॅब त्यामुळे आता गेस्ट नेटवर्कवरच चालतो आणि शेतकऱ्यांची कागदपत्रे त्यावर उघडली जात नाहीत.