तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी कुठपर्यंत जाते?

गोव्यातल्या सत्तरी-सांग्याच्या रानातल्या धबधब्यांची वाट विचारणारा प्रत्येक जण शेवटी हेच विचारतो. ‘पहिल्या व्हाळापर्यंत’ (म्हणजे ओढ्यापर्यंत) म्हटलं की ‘आमची फोर बाय फोर आहे’ हे ठरलेलं. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना ताकद. चिखलातून गाडी सुटते, पण इंजिन हवा ओढतं ते तोंड त्यामुळे वर सरकत नाही. बऱ्याच गाड्यांत ते बॉनेटखाली पुढच्या बाजूलाच असतं. जोरात व्हाळात शिरलात की पुढे उठलेली लाट तिथेच घुसते. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही; सिलिंडरमध्ये ते गेलं की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेल्या गाडीला घाबरून पुन्हा स्टार्टर मारला जातो, आणि वाचलेलं इंजिनही तिथेच जातं. किल्लीला हात लावू नका! दोर लावून गाडी मागे ओढा, एअर फिल्टर उघडून बघा. तो ओला असेल तर मेकॅनिकने प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढेपर्यंत इंजिन फिरवायचं नाही. आणि हे सगळं बहुधा रेंज नसलेल्या जागी.

तरीही न्यायचीच असेल तर आधी एकाने काठी घेऊन व्हाळ पायी ओलांडावा. पाणी चाकाच्या मध्यावर गेलं, किंवा तळ दिसत नसला, तर विषय संपला. एरवी पहिला गिअर, एकसारखा संथ वेग, मध्येच क्लच नाही. पलीकडे हलका ब्रेक दाबत थोडं चालवा, म्हणजे ब्रेक सुकतात.

घाटमाथ्यावर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही व्हाळ चढतो. चालणाराही पलीकडे अडकतो, हे मान्य. वाहतं पाणी गुडघ्यावर असेल तर त्यानेही उतरू नये. पण तो झाडाखाली थांबतो. गाडीवाला गाडीपायी पाण्यात उतरतो.

‘मग कुळे गावच्या जीप दूधसागरला कशा जातात?’ त्या पावसाळा सरल्यावर जातात, आणि त्यांच्या चालकांना रोजच्या वाटेतला दगड न् दगड ठाऊक असतो. पायीच गेलं पाहिजे, असं मी पूर्वी ठासून सांगायचो. 310 मीटरचा तो धबधबा बघायची आस असलेल्या, गुडघे दुखणाऱ्या आजीला ते कसं सांगू? तरी चाकांनी ढवळलेला व्हाळाचा तळही बघवत नाही. माझं अजून ठरलेलं नाही.

चालणार असाल तर माणशी दोन लिटर पाणी घ्या, शेवाळलेल्या जांभ्यावर पाय टेकू नका आणि पोहोचला नसलात तरी दुपारी दोनला मागे फिरा.