आधी पाणी ओता, मग गाडीत घाला

मी १०८ च्या गाडीवर डॉक्टर आहे. एप्रिल-मे मध्ये चक्कर आली, उलट्या झाल्या, पायात गोळे आले असले कॉल रोजचेच, सावलीत झोपवून ओआरएस पाजलं की बहुतेक जण अर्ध्या-पाऊण तासात उठून बसतात. पण हा एक कॉल डोक्यातनं जात नाही म्हणून लिहितेय.

एप्रिलचा शेवटचा आठवडा, आदल्या संध्याकाळी वळीव पडून गेलेला. वळवानं गार होतं म्हणतात, होतं पण तेवढ्या रात्रीपुरतंच, दुसऱ्या दिवशी ऊन परत तसंच आणि वर हवा दमट, घाम नुसता निथळतो, वाळत नाही. आणि घाम वाळला तरच अंग गार होतं ना. मोबाईलवर ३९ दाखवत होतं. उष्माघात म्हणजे नागपूर-चंद्रपूरकडचं काम, कोल्हापुरात कुठला आलाय, असं आपल्याकडं अजून लोकांना वाटतं.

पावणेतीनच्या सुमाराला कॉल आला, फुलेवाडी रिंगरोडला बांधकामावर पोरगा पडलाय, फीट आलीय. जाऊन बघते तर पंधरा-वीस माणसं कोंडाळं करून उभी, एकजण नाकाला फोडलेला कांदा लावतोय, दुसऱ्यानं चप्पल हुंगवलेली, तिसरा तोंडात पाणी ओतायच्या नादात. ते आधी थांबवलं. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घातलं तर ते फुफ्फुसात जातं हो, हात जोडून सांगते, नका करू. पोरगं विशीतलं, डोळे अर्धवट उघडे, काहीतरी असंबद्ध बडबडत होतं, अंगाला हात लावला तर तव्याला लावल्यासारखा. काखेत थर्मामीटर लावला, १०६.४.

मुकादम म्हणाला, "मॅडम, लवकर गाडीत घाला, सीपीआरला न्या." (सीपीआर म्हणजे आमचं कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल.) त्याच्या जागी कोणीही हेच म्हणेल. पण उष्माघातात एकेक मिनिट मेंदू, लिव्हर, किडनी शिजत असतात, तिथं आधी अंग गार करायचं, मग न्यायचं. मी म्हटलं पाणी कुठाय? स्लॅबच्या क्युरिंगचा, म्हणजे स्लॅबवर पाणी मारायचा पाइप होता, एकानं धावत जाऊन सोडला आणि पोराच्या अंगावर धरणार तेवढ्यात आमच्या पायलटनं (१०८ ला ड्रायव्हरला पायलट म्हणतात) त्याचा हात धरला. पाइप दिवसभर उन्हात पडलेला, आतलं पाणी चहा करावा असलं कढत! ते पहिलं पाणी बाजूला सोडून दिलं, हाताला गार लागायला लागल्यावर मग कपडे काढून डोक्यापासनं पायापर्यंत भिजवला. दोघांना प्लायवूडचे तुकडे दिले, वारा घाला म्हटलं, थांबायचं नाही. मागनं एक म्हातारे मामा ओरडले, "अगं पोरी, तापात गार पाणी ओतत्यात व्हय, झटका येईल त्याला!" मामांची काळजी खरी होती. पण तापात शरीर स्वतःच पारा वर चढवतं, इथं शरीराची गार व्हायची सिस्टीमच बंद पडलेली असते. म्हणून तर पॅरासिटामॉलचाही इथं उपयोग नाही.

रस्त्यापलीकडं रसवंती होती. पायलट पळत गेला, रसवाल्या काकांनी विचारलं पण नाही कशाला, गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी फोडून अर्धी देऊन टाकली, पैसे घेतले नाहीत. बर्फ फडक्यात बांधून मानेला, काखेत, जांघेत लावला, एकीकडं सलाईन चालू. वीसेक मिनिटांनी १०२ पर्यंत आला तेव्हा बर्फ काढला, त्याच्याखाली नेलं तर हुडहुडी भरते आणि अंग परत तापायला लागतं. मग गाडीत घेतला. रंकाळ्याच्या कडेनं जाताना त्यानं डोळे नीट उघडले आणि "आई" म्हणाला. माझे पण डोळे भरले, खरं सांगते.

नंतर कळलं, पोरगा गगनबावड्याकडचा, थंड हवेतला, कामावर येऊन तिसराच दिवस. उन्हात राबायची सवय व्हायला अंगाला आठवडा-दोन आठवडे लागतात, नव्या माणसाला पहिले काही दिवस थोडंच काम देऊन रोज हळूहळू वाढवायला पाहिजे. ह्याला पहिल्याच स्लॅबला भर दुपारी घमेली उचलायला लावलेली, मिक्सर चालू झाला की स्लॅब मध्ये थांबवता येत नाही म्हणून कोणी बस म्हणालं नाही. रात्री झोपायला पत्र्याची खोली, ती पहाटेपर्यंत तापलेली, म्हणजे अंगाला गार व्हायला रात्र पण मिळाली नाही.

चार दिवसांनी त्याला डिस्चार्ज मिळाला. त्यानंतर एकदा तिकडनं जाताना मुद्दाम थांबले. मुकादमानं सावलीला दोन माठ ठेवलेले, म्हणाला, "आता स्लॅब पहाटे पाचला चालू करतो, दुपारी बारा ते चार काम बंद." बरं वाटलं. तिथंच वाळू चाळणाऱ्या एका मावशींना म्हटलं, तहान नसली तरी अर्ध्या तासाला पाणी प्या हं.

त्या म्हणाल्या, "पाणी पितो ओ मॅडम, पण जायचं कुठं?"

सगळी साईट बघितली. बायकांसाठी आडोसासुद्धा नव्हता कुठं. मुकादमाला परत हाक मारली.